सातव्या मॉडेलचा ठिपका

“…मग दमयंतीच्या कामावर तुम्ही ‘छान’ लिहिलंत, ते कशासाठी?” श्रीकरने विचारलं.

केळुसकर बाई मटार सोलत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं, पण प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायची सवय त्यांना कधी लागली नाही.

श्रीकर आठवडाभर नुसता जळत होता. त्याला आणि त्याच्याबरोबर शिकणाऱ्या दमयंतीला बाईंनी मेंदूची तीच अठरा चित्रं दिली होती, नऊ आजारी माणसांची आणि नऊ निरोगी माणसांची; दोन गटांत फरक आहे का, ते शोधायचं होतं. दमयंतीनं एक साधं मॉडेल, म्हणजे तुलना करायचं गणित, आधीच ठरवलं, एकदाच चालवलं आणि सरळ लिहून दिलं, फरक आढळला नाही. हिला काही सापडलं नाही, आणि शाबासकी हिलाच. शोधनिबंध तर दोघांपैकी एकाच्याच नावावर जाणार होता.

“मला फरक सापडलाय,” तो म्हणाला. “हा बघा, कानाच्या मागे. लाल ठिपका.”

“कितव्या मॉडेलला?”

“सातव्या.”

“आणि आधीची सहा?”

“ती… या माहितीला बसत नव्हती.”

“असं होय…”

बाईंनी त्याला अठरा चिठ्ठ्या करायला लावल्या. नऊंवर ‘आजारी’, नऊंवर ‘निरोगी’. त्या रिकाम्या पातेल्यात कालवल्या, आणि डोळे मिटून बाई त्या अठरा जणांच्या यादीतल्या एकेका नावापुढे एकेक ठेवत गेल्या. कोण आजारी, कोण धडधाकट, सगळी सरमिसळ झाली.

“आता या चिठ्ठ्या खऱ्या धरून चालव तुझी सातही.”

बाई दमयंतीचीच बाजू घेणार, हे श्रीकर मनाशी धरूनच बसला होता. तरी त्यानं लॅपटॉप उघडला. पहिल्या मॉडेलला काही नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्या-चौथ्यालाही नाही. त्याला जरा हायसं वाटलं.

पाचव्याला कपाळाच्या बाजूला ठिपका उमटला. त्याच्या ठिपक्यापेक्षा मोठा, लालभडक.

श्रीकरनं यादी पुन्हा ताडून पाहिली.

“सुंदर आहे,” बाई म्हणाल्या.

या सरमिसळीत खरा फरक उरलाच नव्हता; सात वेळा शोधलं की एखादा ठिपका योगायोगानंही उमटतो. आपलं कुठे चुकलं ते श्रीकरला कळलं होतं. मान खाली गेली, पण दमयंतीचा हेवा काही जाईना. शेवटी न राहवून त्यानं विचारलंच.

“बाई, एवढंच सांगा… ती माझ्यापेक्षा हुशार आहे का?”

बाईंनी पुढची शेंग उचलली.

“नऊ-नऊ माणसांतही ठिपका फसवतो, इथे तर ती एक. तू एक… मॉडेल कुठलं घेशील?”