अंबिकेचा चौकोन

"तिची जागा मी रिकामी ठेवली, यात माझं काय चुकलं, आक्का?"

टेकडीवर पाय ठेवल्या ठेवल्या गव्हाणे सरांनी हेच विचारलं. नमस्कार नंतर केला.

मठातल्या आक्का उन्हाला पाय पसरून चिंचा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी बसा. दम खा."

सर पायरीवर बसले. तिथून खालचं कॉलेजचं मैदान सरळ दिसतं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, दोन खांब, आणि सरांची वाट बघत उभ्या असलेल्या खो-खोच्या पोरी.

गव्हाणे सर म्हणजे शिस्तीचं काम. त्यांची शिट्टी वाजली की पोरीच काय, रस्त्यानं चाललेली म्हसरंही थबकायची. कपाटभर ढाली जिंकलेला माणूस. कुणाला काही विचारायची सवयच नव्हती. पण वेळ आली की असल्या माणसालाही टेकडी चढावी लागते.

अंबिका बारावीला होती. संघातली सगळ्यांत चपळ पोर. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत लेकरू गेलं. त्या दिवशी गल्लीत चूल पेटली नाही. असं का व्हावं, ते कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

"खांबाशेजारचा चौकोन तिचा," सर म्हणाले. "तिथं मी कुणाला बसू देत नाही. रोज एक फूल ठेवतो."

"दिसतंय की मला वरून. खेळता खेळता पोरी तिथवर आल्या की अडखळायल्यात."

"अडखळू द्या. तेवढीच आठवण राहते."

"आन् सामने?"

"नाव मागं घेतोय. आज दुपारी तसं कळवायचं. तिच्याविना खेळलो तर तिला विसरल्यासारखं होईल."

"पोरी काय म्हणायल्यात?"

"रडायल्यात. खेळू द्या म्हणतात. त्यांना काय कळतंय, आक्का? अशी पोर मी घडवली होती. पुन्हा नाही घडायची."

"तुम्ही घडवली?" आक्कांनी एक चिंचोका बाजूला टाकला. "मला वाटलं, तिच्या मायनं."

सर ओशाळले.

"रोज सकाळी पळत वर यायची," आक्का म्हणाल्या. "देवाच्या आधी गुळाचा खडा हिच्या तोंडात. मी शिव्या घालायचे, ती खिदळायची. आता खडा तसाच ऱ्हातो. मुंग्या खातेत... तुम्हाला काय वाटलं, मला तिची याद येत नसंल?"

सर तोंड फिरवून मैदानाकडे बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. इतका कडक माणूस, पण रडला तेव्हा त्याला आवाज आवरता आला नाही.

आक्कांनी त्यांना रडू दिलं.

...

रडणं थांबलं. खालून कुठल्याशा पोरीची हाक आली. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. अनवाणी पायांनी सरांच्या मागे आल्या. त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला.

"खो!"

सर ताडकन उठले. विचार करून नव्हे. आयुष्यभराची सवयच ती, तिनं त्यांना उठवलं. तीन-चार पायऱ्या उतरूनही गेले. मग भानावर आले आणि मागे वळले.

त्यांच्या जागेवर आक्का ऐसपैस बसल्या होत्या.

"ही काय थट्टा, आक्का?"

"थट्टा कशाची? खो देणाऱ्यानं बसायचं, मिळाला त्यानं उठायचं. तुमचाच खेळ हाय."

"तो खेळ झाला. पण अंबिका..."

सर एक पायरी परत वर आले.

उन्हं चढली होती. मैदानावरच्या पोरी आता टेकडीकडे बघत होत्या.

"मला बसू द्या, आक्का," सर लहान पोरासारखे म्हणाले. "दमलोय हो मी. जरा सरका."

आक्का सरकल्या नाहीत. त्यांचेही डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

"अंबी खो देऊन बसली, मास्तर. तुम्ही का थांबलाव?"