राजकन्येला भिणारा राजा

ग्रीकांच्या समुद्रात लहानमोठी शेकडो बेटं आहेत. फार पूर्वी त्यांतल्या एका बेटावर ल्यूकानोर नावाचा राजा राज्य करत होता. बेट सुपीक होतं. ऑलिव्हची झाडं फळांनी लगडलेली असत, बंदरात जहाजांची सतत ये-जा असे. पण राजाच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

त्याच्या घराण्याच्या कथाच तशा होत्या. आजोबांनी गादीसाठी सख्ख्या भावाला कड्यावरून ढकललं होतं. पुढे त्या भावाच्या मुलाने आजोबांना विष घातलं. ल्यूकानोरचे वडील शिकारीत गेले, तेही थोरल्या मुलाच्या बाणाने. बाण चुकून लागला की मुद्दाम, हे कुणालाच कळलं नाही. थोरला त्याच दिवशी जहाजात बसून निघून गेला, तो परत आला नाही. भाट या कथा दरबारात गाऊन दाखवत, आणि लहानगा ल्यूकानोर खांबाआड बसून त्या ऐके.

तो राजा झाला, त्याचं लग्न झालं. राणी पहिल्याच बाळंतपणात वारली. मागे राहिली एक मुलगी. तिचं नाव फिलीना. पहिला महिनाभर राजा पाळण्यापासून हलला नाही. मग रिवाजाप्रमाणे तो मुलीचं भविष्य विचारायला टेकडीवरच्या देवळात गेला.

देवळातल्या म्हाताऱ्या पुजारणीने डोळे बंद केले आणि ती म्हणाली, "राजा, शेवटी तुझे डोळे या मुलीच्याच हातांनी मिटतील."

राजाला त्याचा एकच अर्थ दिसला. घराण्यात आणखी एक खून! तो तडक राजवाड्यात आला आणि दाईला म्हणाला, "मुलीला इथे ठेवायचं नाही."

"महाराज, दीड महिन्याचं पोर ते," दाई म्हणाली. "ते काय करणार तुमचं?"

"आज काही करणार नाही. पण मोठी होईल ना!"

समोरच्या खडकाळ बेटावर एक धनगर आणि त्याची बायको राहत. मुलीला त्यांच्याकडे पोचवण्यात आलं. "तिला काही कमी पडू देऊ नका," राजाने निरोप धाडला. "पण तिला इकडे आणू नका."

त्यानंतर राजाने पुन्हा लग्न केलं नाही. पंचवीस माणसं बसतील अशा मेजावर तो एकटा जेवायचा. झोपण्यापूर्वी दारांच्या कड्या स्वतः लावायचा. मुलीच्या वाढदिवशी मात्र तो गच्चीवर जाई आणि समोरच्या बेटावर चुलीचा धूर दिसतो का ते बघे. धूर दिसला की त्याला बरं वाटे. मग आपल्याला बरं वाटलं, याचीच भीती वाटे.

अशी सव्वीस वर्षं गेली.

एके दिवशी म्हातारी दाई आजारी पडली. तिचा मुलगा दूरच्या गावी पाथरवट होता. निरोप मिळताच तो हातातलं काम टाकून आला आणि तीन दिवस आईच्या उशाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी राजा तिला बघायला गेला, तेव्हाच तिचा श्वास थांबला. पाथरवटाने आपला राकट हात हलकेच आईच्या चेहऱ्यावरून फिरवला, आणि तिच्या उघड्या राहिलेल्या पापण्या खाली आल्या.

"हे काय केलंस?" राजाने विचारलं.

"डोळे मिटवले आईचे," तो म्हणाला. "पोटच्या लेकरानेच करायचं असतं ते. आई नेहमी म्हणायची, देवा, माझे डोळे मिटवायला माझा मुलगा जवळ असू दे. तेवढं मागणं पुरं झालं तिचं."

राजा दारातून टेकडीवरच्या देवळाकडे बघू लागला. पुजारणीचे शब्द त्याला आठवले. आपण ज्याला शाप समजलो, तो आशीर्वाद तर नव्हता?

पुजारणीचे शब्द सांगून त्याने मुलीकडे जायचा बेत प्रधानापुढे मांडला. प्रधान म्हणाला, "महाराज, त्या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. मुलीच्या मनात राग असेलच. जायचंच असेल, तर सैनिक घेऊन जा."

राजाने सैनिक नाकारले. मग तो एकटाच होडीत बसला आणि त्याने वल्हं हातात घेतलं.

समोरच्या बेटावर एक बाई झोपडीपुढे बसून सुरीने चीज कापत होती. तिचे डोळे अगदी राणीसारखे होते. सुरी बघून राजाचे पाय क्षणभर अडखळले, पण तो पुढे गेला.

"मी ल्यूकानोर," तो म्हणाला. "तुझा बाप."

"माहीत आहे," फिलीना म्हणाली. "आमच्या टेकडीवरून तुमची गच्ची दिसते. लहानपणी मी तिथेच बसून असायची. वाटायचं, आज होडी येईल."

"मग?"

"मग शेळ्या वाढल्या, काम वाढलं. बसणं सुटलं."

राजाने हात जोडले. "माझ्याबरोबर चल. राजवाडा तुझाच आहे."

"माझं घर इथे आहे. मला वाढवणाऱ्या दोघांना त्या झाडाखाली पुरलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "तुम्हाला राहायचं असेल तर राहा. जागा आहे."

राजा राहिला. दिवसा तो शेळ्यांमागे जाई. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसत, पण बोलायला काही नसे. शेवटी राजा म्हणाला, "तुझ्या एकेका वर्षाचं काहीतरी सांगशील मला?"

ती रोज एकेका वर्षाचं सांगू लागली. पहिली वर्षं तिने धनगरणीकडून ऐकलेली. तिसऱ्या वर्षी ती तापाने मरता मरता वाचली. सातव्या वर्षी पोहायला शिकली. नवव्या वर्षी लाकडाच्या ओंडक्यावर बसून राजवाड्याकडे निघाली, तेव्हा धनगराने तिला पाण्यातून ओढून आणलं. सव्वीस वर्षं सव्वीस संध्याकाळींत संपली. त्यांतल्या एकाही गोष्टीत राजा कुठे नव्हता.

सत्ताविसाव्या संध्याकाळी फिलीना म्हणाली, "आता तुम्ही सांगा. इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?"

राजाने पुष्कळ आठवून पाहिलं.

"मी घाबरून होतो," तो म्हणाला.

"सगळी वर्षं?"

"सगळी वर्षं."

 फिलीनाने त्याच्या वाडग्यात आणखी थोडं दूध ओतलं. याहून जास्त तिला करता येण्यासारखं नव्हतं, आणि याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही, हे राजाला कळत होतं. त्याने वाडगा दोन्ही हातांत धरला आणि तो ते दूध सावकाश प्यायला.

तात्पर्य एवढंच: भीतीपोटी आपली माणसं दूर केली, तर भीती काही जात नाही, माणसं तेवढी जातात.