स्वादूबाई नाही म्हणाली

एका राजाच्या अंगात एक अख्खं गाव नांदत होतं. तसं ते तुमच्या-आमच्या अंगातही असतं, पण या राजाच्या गावाचे हाल कुत्रा खाईना, म्हणून त्याचीच गोष्ट सांगायची.

या गावात जठराच्या मागच्या आळीत स्वादूबाई राहायची. पाळण्यातलं नाव स्वादुपिंड. लांबोडकी, चपटी, कुणाच्या नजरेत न भरणारी बाई, पण कामाला वाघ. आतड्यात उतरलेलं अन्न विरघळावं म्हणून ती पाचक रस पाठवायची. शिवाय तिच्याकडे किल्ल्यांचं काम होतं. अन्नातली साखर रक्ताच्या रस्त्यानं दारोदार यायची. त्या साखरेवरच घराघरांतल्या चुली पेटायच्या, पण दारांना कुलपं असायची. त्यांच्या किल्ल्या स्वादूबाई आपल्या भट्टीत घडवायची. माणसं त्या किल्लीला इन्सुलिन म्हणतात. कधी रस्त्यावर साखर कमी पडली, तर हीच बाई यकृताच्या कोठाराला निरोप धाडायची, की बाबा, थोडी सोड. गाव उपाशी राहू नये आणि साखरेत बुडूही नये, हा सगळा घोर तिच्या एकटीच्या जिवाला.

गावाच्या वरच्या टोकाला, डोक्याच्या पार मध्यावर, तांदळाच्या दाण्याएवढा एक म्हातारा दवंडीवाला बसायचा. त्याचं नाव पिनियल. त्याची खोली अंधारी, त्याला स्वतःला काही दिसायचं नाही. बाहेर अंधार पडला की डोळे त्याला तसं कळवायचे. मग तो मेलॅटोनिनची दवंडी पिटायचा, की रात्र झाली, चुली मंद करा आणि मोडलंतुटलं दुरुस्त करायला घ्या. ती ऐकून स्वादूबाई हातोडी हळू करायची आणि घरं आपली दारं लोटून घ्यायची. ही वहिवाट कुणी राजानं घालून दिलेली नव्हती. राजे झाले त्याच्या फार आधीपासून ती चालत आलेली.

पण या राजाला रात्र आवडत नसे. सगळे आपलं ऐकतात, मग अंधारानं का ऐकू नये, असं त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं फर्मान काढलं की महालात रात्र होणार नाही. दिवस मावळला की झुंबरं पेटत, गाणं सुरू होई, जिलब्या आणि बासुंदी येई, आणि राजा तांबडं फुटेपर्यंत चरत राही. दरबारी माना डोलवत. त्यांचं काय जातंय?

डोळे दवंडीवाल्याला कळवू लागले की अजून दिवसच आहे. म्हातारा गोंधळला. कधी अर्धवट दवंडी पिटायचा, कधी पिटायचाच नाही. गावाचा डोळ्याला डोळा लागेना. इकडे साखरेचे लोंढे थांबेनात. स्वादूबाई रात्रंदिवस किल्ल्या घडवू लागली. घरं इतकी गच्च भरली की लोक आतून कड्या घालून बसले, कुलपं गंजली. जिथं एक किल्ली पुरायची तिथं चार लागू लागल्या, आणि रस्ते साखरेनं चिकट झाले.

जीभ ही राजाची लाडकी. तिनं गावसभा भरवली आणि बाई कामचुकार झाली म्हणत सगळं खापर स्वादूबाईवर फोडलं. डोळ्यांनी तिचीच री ओढली, पायांनीही ओढली. जठर गप्प बसलं, वरून येईल ते खाली ढकलायचं एवढंच त्याला ठाऊक. बाईनं जास्त किल्ल्या घडवाव्यात, नाहीतर आळी सोडावी, असं ठरलं.

स्वादूबाईच्या काही भट्ट्या तोवर कायमच्या विझल्या होत्या. हे दुःख तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कामचुकार हा शब्द ऐकला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढा मला," ती म्हणाली. "मग दारं जिभेनं उघडा. दिवसा मी राबेन, पण रात्र माझी आहे. आज दिवस मावळला की मी हातोडी खाली ठेवणार."

"राजाचा हुकूम आहे," जीभ म्हणाली.

"असू दे. हुकुमानं साखर पचत नाही."

आणि तिनं ठेवली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. गाव आपल्याच हातानं मरेल की काय, या विचारानं तिचा जीव तुटत होता. पण रोज थोडं थोडं ते मरतच होतं.

अशा काही रात्री गेल्या, घरातली शिल्लक संपली आणि दाराबाहेर साखरेचे ढीग असून घरं उपाशी पडली. मूत्रपिंडं पाण्याबरोबर साखर बाहेर फेकू लागली. राजाला सारखी तहान, सारखी लघवी. न्हाणीघरात मुंग्यांची रांग. जीभ कोरडी पडली, डोळ्यांपुढे धुकं आलं, पाय बधिर झाले. कालचे सगळे शहाणे स्वादूबाईच्या दारात येऊन रडले. दिवसा ती राबत होती, पण रात्री जागची हलली नाही.

म्हातारी राजवैद्यीण आली. तिनं मुंग्या पाहिल्या, झुंबरं पाहिली, काय ते ओळखलं आणि आत कुणीतरी रात्रीचं काम थांबवलंय असं सांगितलं. हा कट कुणाचा, त्याचं मुंडकं उडवतो, असं राजा गरजला.

"महाराज, दरबारात तुम्हाला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही," वैद्यीण म्हणाली. "म्हणून ते काम तुमच्या पोटातल्या एका बाईनं केलं. तिला मारायचं तर तलवार स्वतःच्याच पोटात खुपसावी लागेल."

तिला हवं तरी काय, असं राजानं हळू आवाजात विचारलं. वैद्यीण म्हणाली, तिला रात्र हवी. दिवेलागणीच्या आत बेतानं जेवा, दिवसा चाला आणि वेळेवर दिवे मालवा.

जिभेनं शेवटचा हट्ट धरला, एकच जिलबी. राजाचा हात ताटाकडे गेला, मध्येच थांबला. मग तो उठला आणि आपल्या हातानं दिवे मालवत सुटला. डोळ्यांनी अंधार पडल्याचं वर कळवलं. म्हाताऱ्याची दवंडी गावभर घुमली आणि घरं निजली.

सकाळी स्वादूबाईनं उरलेल्या भट्ट्या पेटवल्या. कुलपांचा गंज हळूहळू झडला. विझलेल्या भट्ट्या मात्र पुन्हा पेटल्या नाहीत, राजाला जन्मभर जपूनच राहावं लागलं. एकदा जीभ गोड बोलत आली आणि राजा तुझ्यावर खूश आहे म्हणाली.

"खूश नको होऊस म्हणावं," स्वादूबाई म्हणाली. "वेळेवर झोप."

तात्पर्य: राबणाऱ्याची रात्र कुणी हिरावली तर त्यानं खुशाल हातोडी खाली ठेवावी, समोर राजा का असेना; आणि आपल्या पोटातही कुणी राबतंय हे ज्याला उमगलं, त्यानं दिवा वेळेवर मालवावा आणि तोंडही वेळेवर मिटावं.