साळीआळीचा रिकामा माग

पिंपळटेकच्या साळीआळीत दिवेलागणीला आलात तर एका घरातून मागाचा आवाज येतो. खटक-खट, खटक-खट. आत डोकावून पाहिलंत तर नवल वाटेल. माग चालू असतो, पण धोट्यात सुताची कांडी नसते. धोटा इकडून तिकडे नुसता पळतो आणि कापड बोटभरही वाढत नाही. आळीत तान्हं मूल असेल तोवर रोज एका घराने असा घटकाभर रिकामा माग चालवायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. परगावचे लोक हसतात. ही रीत कशी पडली ते मी माझ्या सासूबाईंकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या सासूकडून. खरंखोटं देव जाणे.

फार मागे आमच्या या ओट्याच्या घरात भिवरा नावाची बाई राहायची. नवरा गेल्यावर ती स्वतःच मागावर बसली. हात चांगला होता आणि जीभ त्याहून. आळीत कुणाकडे काय शिजलं, कुणाची सून रुसली, सगळं तिला आधी कळायचं. पण मनाने फार मायाळू, असे सांगतात. कुणाचं दुखलंखुपलं की बोलावण्याची वाट न पाहता हजर.

तिच्या भिंतीला भिंत लागून राही राहायची. राहीचा नवरा लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाजारोबाजार फिरायचा, दोन-दोन महिने घरी नसायचा. राहीला पहिली मुलगी झाली. गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. पण ते डोळे रात्री मिटायचे नाहीत. पाळणा हलव, मांडीवर घे, खांद्यावर टाक, काही केलं तरी पोर टकटक बघत राहायची आणि खाली ठेवली की रडायची.

भिंतीपलीकडे भिवराचा जीव कासावीस व्हायचा. तिने मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या मागाच्या संध्याकाळच्या खटखटीनेच पोरीची रात्रीची झोप उडते. तिने दिवेलागणीला माग थांबवला. एवढ्यावर थांबली असती तर ती भिवरा कसली! दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. म्हणाली, "लेकरू झोपत नाही आणि तुम्ही कसले धोटे फेकता? दिवा लागला की माग बंद." लोक कुरकुरले, पण लेकराचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? सगळी आळी चिडीचूप झाली.

पोर मात्र आता मुळीच झोपेना. आधी निदान पहाटे डोळा लागायचा, तोही लागेना. राहीच्या डोळ्यांभोवती काळं आलं. पाणी भरताना कळशी हातातून सुटायला लागली.

राहीच्या हळूहळू ध्यानात आलं. दिवसा माग चालू असले की पोर शांत पडते, आधी संध्याकाळीही पडायची. पोटात होती तेव्हा राही दिवसभर याच भिंतीला टेकून कांड्या भरायची. पलीकडच्या मागाच्या आवाजातच पोर वाढली होती. पण साऱ्या आळीने तिच्या मुलीसाठी हातचं काम सोडलेलं, आता माग चालू करा असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तरी धीर करून ती भिवराच्या दारात आली.

"काकू, जरा बोलायचं होतं."

"ये गं बाई. तोंड बघ कसं झालंय! जायफळ उगाळून दिलंस का?"

"दिलं. पण काकू, मी म्हणत होते—"

"टाळूवर तेल घाल. कोमट हं. आणि दृष्ट काढ आधी. त्या कोपऱ्यावरच्या चिंगीची नजर वाईट आहे, मी तिला तोंडावर सांगितलंय."

"काकू, तो माग..."

"मागाची काळजीच करू नकोस! तू हातापाया पडलीस तरी दिवेलागणीला कुणी माग चालवणार नाही, मी बसलेय ना इथे!"

राही म्हणे "बरं काकू" म्हणून वळली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने पोरीला झोळीत घातलं आणि घाटाची वाट धरली. वेशीवरच्या लोहारणीने विचारलं, "एवढ्या उशिरा कुठे गं?" राही म्हणाली, "पलीकडच्या गावात संध्याकाळी माग चालतात. माझी लेक त्या आवाजाशिवाय झोपत नाही." पुढे नवरा आला, बंद दार पाहून तिच्या शोधात गेला. ती दोघंही पुन्हा परतली नाहीत. घाटापलीकडे अशी बाई कुणी पाहिल्याचंही कळलं नाही.

लोहारणीचे शब्द कानी आले तेव्हा भिवरा तशीच उठून मागावर जाऊन बसली. धोट्यात कांडी नव्हती, तशीच चालवत राहिली. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला तिने रिकामा माग चालवला. कधीतरी वाऱ्यावर आवाज घाटापर्यंत जाईल, एवढीच आशा.

अशी वीस वर्षं गेली, असे सांगतात. एके संध्याकाळी एक तरुण बाई वाटेत पाणी प्यायला याच ओट्यावर टेकली. भिवराने तिला तांब्या दिला आणि जाऊन रोजचा रिकामा माग चालू केला. दोन घोट पिऊन होतात न होतात तोच ती बाई खांबाला डोकं लावून गाढ झोपली. दारातून ते पाहताच भिवराला राहीची लेक आठवली. नाव विचारावंसं वाटलं, गाव विचारावंसं वाटलं. पण माग थांबला तर ती जागी होईल. उठली की विचारू, म्हणून ती चालवत राहिली. म्हातारे पाय शेवटी दमले आणि मागावरच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ओटा रिकामा होता. तांब्या घासून पालथा घातलेला होता.

जन्मभर सगळ्यांना सगळं विचारणारी ती बाई, विचारायचं तेव्हा मी राहीला बोलू दिलं नाही आणि हिला नाव विचारलं नाही, असं मरेपर्यंत म्हणत राहिली.

तिच्यामागे आळीने तिची रीत उचलली. आजही आळीत पाळणा बांधला की संध्याकाळचा माग रिकामा चालतो, आणि पोरं खरोखर झोपतात. आज पाळी आमच्या घराची आहे. आमच्या आळीला लोक चौकस म्हणतात, म्हणोत बापडे. तुम्ही बसलात तो ओटा तोच आहे. माग सुरू झाल्यावर डोळा लागला तर खुशाल लागू द्या. फक्त उठल्यावर नाव सांगितल्याशिवाय जाऊ नका.