हाकेचं रान

एका राज्यात देवीच्या हजार नावांवर सगळा संसार चालत असे. मुलगी झाली की बाराव्या दिवशी हजारातलं एक नाव तिच्या कानात सांगायचं आणि त्याचा अर्थ दरबारातून विचारून आणायचा. अर्थ सांगणारे एकच, त्रिविक्रमशास्त्री. ते सांगत तो अर्थ तांब्याच्या पत्र्यावर कोरला जाई आणि पत्रा देवळाच्या भिंतीवर ठोकला जाई. एकदा ठोकला की ठोकला. मग त्या नावाला दुसरा अर्थ काढायची कोणाची छाती नव्हती. शास्त्रीबुवा विद्वान खरे, पण कान होते ते भिकबाळी घालण्यापुरते.

बुवांची बायको लवकर गेली. मागे एक लेक राहिली, अपर्णा. घर तीच चालवी. बाबा पोथीत डोकं घालून बसले की ती ताट वाढून दाराशी बसे. भात निवे, ती ऊन करी, पुन्हा निवे. बाबा उठेपर्यंत तिनं कधी घास घेतला नाही, आणि तू जेवलीस का, हे बाबांनी कधी विचारलं नाही.

नऊशे नव्व्याण्णव नावं कोरून झाली. घरचंच म्हणून मागं पडत शेवटचं राहिलं ते लेकीचंच. बुवांनी भर दरबारात अर्थ सांगितला. तपासाठी जिनं झाडाचं पानसुद्धा तोंडात घातलं नाही, ती अपर्णा. सभा डोलली. तांबटानं छिन्नी उचलली, तेवढ्यात अपर्णा उभी राहिली.

"बाबा, अर्थ खरा आहे, पण अर्धा आहे. तिनं पान खाल्लं नाही, हे..."

बुवांनी हात वर केला आणि ती गप्प झाली. घरची पोर चार लोकांत आपली चूक काढते, याचा त्यांना असा संताप आला की पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. दरबारच्या अर्थावर अर्थ सांगेल त्याला हाकेच्या रानात सोडावं, असा नियम होता. राजा जयकेतू मनानं मऊ. तो म्हणाला, लेक तुमची आहे, म्हणाल तर सोडून देऊ. बुवा म्हणाले, नियम तो नियम.

आता हे रान असं की आत गेलेल्याला वाट म्हणून सापडत नाही. त्याच्या माणसानं काठावर उभं राहून नावानं हाक मारली तरच झाडं बाजूला सरतात. बुवांच्या मनात होतं, राहू दे महिनाभर. ताठा उतरला की हाक मारून घेऊन येऊ.

त्याच सांजेला हजारावा पत्रा ठोकला, आणि शाप लागला. सगळी नावं लोकांच्या घशात अडकली. मनात नाव स्पष्ट, पण ओठावर येईना. मी आज खुशाल अपर्णा म्हणतोय. तेव्हा ते कोणाला साधलं नसतं. आया पोरींना ए, अगं, इकडे ये, एवढंच म्हणत. सासरी गेलेल्या लेकीची आठवण काढायची तर नुसते हुंदके.

महिना सरला. बुवा रानाच्या काठावर गेले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. घरी येऊन पोथ्या काढल्या. एक वर्ष पोथ्यांत गेलं, दुसरं होमहवनात. तिसऱ्या वर्षी मान खाली घालून ते देवळातल्या साळुंकीकडे गेले. पक्षी त्या राज्यात बोलत, त्याचं कोणाला नवल नव्हतं. नावं कशी सुटतील, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्या पत्र्यावर नाहीत असे तीन अर्थ आणा," साळुंकी म्हणाली. "पण मधे बोलू नका."

पहिल्यांदा बुवा नदीवर गेले. घाटावरची देवी तारिणी. होडी चालवणाऱ्या म्हातारीला त्यांनी मूर्तीकडे बोट दाखवून विचारलं. ती म्हणाली, "पार नेते ती ही, असं तुम्ही ठोकलंय. पार नेऊन सोडणं सोपं आहे. जी रिकामी होडी घेऊन मागच्यांसाठी परत येते, ती खरी." बुवांच्या जिभेवर व्याकरण आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

दुसऱ्यांदा ते शापित धनाच्या गुहेत गेले. दारावर वसुंधरा असं कोरलेलं, आत सात हंड्यांवर नाग बसलेला. नाग म्हणाला, हंडा घे आणि जा. बुवा म्हणाले, हंडा नको, या नावाचा अर्थ सांग. नागानं फणा खाली घेतला. मग म्हणाला, "धन पोटात धरते म्हणून हे नाव, असं तू म्हणतोस. अरे, तिला काय करायचंय धन? ज्यांनी ठेवलं ते कधीतरी मागायला येतील, म्हणून ती सांभाळून बसली आहे. कोणीच आलं नाही." बुवा रिकाम्या हातानं बाहेर आले.

तिसरं नाव लेकीचं. साळुंकी म्हणाली, "दरबारात जा. ती काय सांगत होती ते सांगा."

दरबार भरला. बुवा उभे राहिले आणि आठवू लागले. तिनं पान खाल्लं नाही, हे... पुढे काय? पुढे त्यांचा स्वतःचा वर गेलेला हात होता, बाकी काही नव्हतं. अर्थ रचून सांगायला त्यांना पळभर लागला नसता. सभेनं मान्यही केला असता. बुवांच्या डोळ्यांना धार लागली.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पोर सांगत होती. मी पुरतं ऐकलं नाही."

चाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. देवळाच्या भिंतीवरून हजार पत्रे खणखणत खाली आले आणि शाप सुटला. घराघरांतून आया पोरींना नावानं हाका मारू लागल्या. काम काही नव्हतं, नुसत्या हाका.

बुवा धावत रानाकडे गेले आणि लेकीला हाक मारली. इतरांच्याही हाका चालू होत्या. झाडं सरली, अडकलेली माणसं एकेक करून बाहेर आली, गळ्यात पडली, घरी गेली. अपर्णा आली नाही. घसा बसला तरी बुवा हाका मारीत होते.

साळुंकी फांदीवर येऊन बसली. "बुवा, ती या काठावरच असायची. हाक ऐकू आली नाही तर, म्हणून कंद शोधायलासुद्धा आत जात नसे. काठावरचा पाला खाऊन राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडं वाळली, पानही उरलं नाही. तेव्हा गेली."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नावांचं विचारलंत. तिचं विचारलं नाहीत."

बुवा काठावरच खाली बसले. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी दरबारात ती काय सांगत होती? साळुंकीनं मान कलती केली आणि रानात तिच्याकडून ऐकलेलं ती अपर्णेच्याच आवाजात बोलली.

"बाबा, तिनं पान खाल्लं नाही, हे कळलं कोणाला? रोज ताट वाढून वाट बघत बसलेल्या तिच्या आईला. तप लेकीचं, पण नाव आईच्या तोंडून आलं. जिची घरी कोणीतरी जेवायची वाट बघतं, ती अपर्णा."

पुढे राज्याची घडी नीट बसली. पत्रे वितळवून राजानं देवळाची घंटा ओतली. नावाचा अर्थ आता कोणीही सांगावा आणि दरबारानं तो शेवटपर्यंत ऐकावा, असा नियम झाला. बुवा मात्र दरबारात दिसत नाहीत. रोज दुपारी ते स्वतःच्या हातानं भात रांधतात, ताट झाकून रानाच्या काठावर नेतात आणि नाव घेऊन एकदा हाक मारतात. मग भात निवेपर्यंत बसून राहतात. निवला की घरी जाऊन ऊन करून आणतात.