शेजारच्या गेममधला गडी

कासारखेडला एक भोळा राहत होता. नाव महिपती, वय अठ्ठावीस. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करी, आणि गावाला हसायला तेवढं पुरत असे. महिपाला कुणी 'जरा थांब' म्हणत नसे, कारण मग 'आता चल' म्हणायची आठवण ठेवावी लागे.

या महिपाचं लग्न हिवऱ्याच्या बळवंतरावांच्या वैजयंताशी ठरलं होतं. वैजयंताला तो पसंत होता. खोटं बोलायला जी अक्कल लागते ती याच्याजवळ नाही, हे तिनं पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. आणि महिपाला ती इतकी आवडली होती की कुणी तिचं नाव काढलं की त्याचा घास हातातच राही. पण बळवंतराव सावध गृहस्थ. त्यांनी अट घातली, "लग्नापर्यंत एका जागी कामाला टिकून दाखवायचं. नाही टिकला, तर लग्न विसरायचं."

आता याला कामाला कोण ठेवणार? शेवटी मंजुळाकाकूनंच पुतण्याला आपल्या दुकानात घेतलं. एसटी स्टँडासमोर तिचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन जुनी मशीनं. पहिल्यात भैरू पैलवान कुस्त्या मारी. दुसऱ्यात पिवळी मोटार पळे. तिसऱ्यात कंदीलवाली बाई भुयारातून खजिना शोधत फिरे. वीस वर्षं तिघं भिंतीला भिंत लावून राहिली, पण कधी कुणी कुणाच्या दारात गेलं नव्हतं. महिपा कामाला लागला त्याच सोमवारी काकूनं चौथं मशीन आणलं. त्यात तिन्ही गेममधले गडी एकत्र होते. बघायला अर्धा बाजार लोटला.

"मी दळण घेऊन येते," काकू म्हणाली. "तू लक्ष ठेव. काही भलतंच दिसलं तर बटण बंद कर."

महिपानं लक्ष ठेवलं. पांडोबा शिंपी दोन तास चौथ्या मशीनला चिकटून होता. खजिन्याचा शेवटचा दरवाजा तेवढा राहिला होता. महिपानं पडद्यावर पाहिलं, तर कंदीलवालीच्या भुयारात उघडाबंब भैरू पैलवान उभा. महिपानं बटण बंद केलं.

पांडोबानं दोनदा बटणं दाबून पाहिली. काकू आली तेव्हा तो रिकाम्या पडद्याकडं बघत बसला होता.

"बटण का बंद केलंस रे?" काकूनं विचारलं.

"बाईमाणसाच्या भुयारात पैलवान शिरला होता. त्याचं घर पलीकडच्या मशीनमध्ये आहे, काकू."

काकूनं कपाळाला हात लावला. "अरे, यात सगळ्यांचं जग एकच आहे. एकाच्या घरी दुसरा पाहुणा म्हणून येतो. शेजारचं कुणी आलं तर हाकलायचं नसतं. आत घ्यायचं, जागा द्यायची, खेळू द्यायचं."

"बरं," महिपा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यातली शेळी दुकानात शिरली. महिपानं तिला आत घेतलं. स्टूल दिलं. स्टुलावर ती नीट बसेना, तेव्हा तिचे पुढचे पाय उचलून मशीनच्या बटणांवर ठेवले. शेळीनं बटणं हुंगली आणि पांडोबा आदल्या दिवशी विसरून गेलेलं गाठोडं सोडलं. त्यात पाटलीणबाईंचं नवं पोलकं होतं. काकू आली तेव्हा एक बाही शिल्लक होती.

"ही इथं कशी?"

"पाहुणी आहे, काकू. शेजारची."

"अरे करंट्या, ती शेळी आहे! जे आपल्या दुकानातलं नाही, त्याला काठी दाखवायची. आलं तिकडं परत जाईपर्यंत मागं लागायचं."

"बरं," महिपा म्हणाला, आणि त्यानं एक चांगली काठी शोधून ठेवली.

तिसऱ्या दिवशी बळवंतराव जावयाचं काम बघायला आले. हातात डझनभर केळी, डोक्यावर नवा फेटा.

"राम राम, मामा," महिपा म्हणाला. "तुम्ही आपल्या दुकानातले का?"

"मी? मी हिवऱ्याचा. तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. पण विचारलेलं बरं."

मग त्यानं काठी काढली. बळवंतराव पुढं, महिपा मागं, अशी ती जोडी स्टँडाला दोन वेढे घालून हिवऱ्याच्या गाडीशी पोचली. केळी वाटेत सांडली. फेटा वडाच्या पारापाशी सुटला. काकू धावत आली, तिनं हात जोडले, माफी मागितली, दोन कप चहा पाजला. बळवंतरावांचा श्वास जागेवर आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरीनं हट्ट धरलाय, म्हणून गिळतो. पण आता आणखी एक भानगड कानावर आली, तर सोयरीक मोडली म्हणून समजा."

काकू घरी येऊन मटकन बसली. तिला मूलबाळ नव्हतं, आणि या वेड्यावर तिचा जीव होता. "महिपा," ती म्हणाली, "तुझं लग्न तू स्वतःच मोडणार बघ. नीट ऐक. वयानं मोठं माणूस समोर आलं की नमस्कार करायचा, आणि ते जे म्हणेल त्याला हो म्हणायचं."

"बरं."

आठवड्यानं गावची जत्रा आली. जत्रेत काकूनं चौथ्या मशीनवर सामना ठेवला. जिंकणाऱ्याला शेला आणि नारळ. आजूबाजूच्या गावचे खेळणारे आले. महिपाची बोटं मात्र झकास चालत. तो जिंकत जिंकत शेवटच्या डावापर्यंत गेला. काकूचा ऊर भरून आला. ही बातमी हिवऱ्याला गेली तर मागचं सगळं धुऊन निघालं असतं.

शेवटच्या डावाला समोर बसले सत्तरीचे निवृत्त पोस्टमास्तर. महिपानं वाकून नमस्कार केला.

"तुझा भैरू दमलेला दिसतो," पोस्टमास्तर म्हणाले. "हाणू का त्याला?"

"हो," महिपा म्हणाला.

"मोटार घालू अंगावर?"

"हो."

"आणखी एकदा?"

"हो."

शेला आणि नारळ पोस्टमास्तर घेऊन गेले.

"अरे माझ्या राजा," काकू रडकुंडीला येऊन म्हणाली, "एकट्या भैरूला किती ताणलंस! आपला गडी दमला की त्याला बाजूला घ्यायचं, आणि शेजारच्या गेममधला ताजा गडी पुढं करायचा. दमलेल्यानं बाहेर बसून दोन घास खायचे. म्हणून तर सगळ्यांना एकत्र आणलंय ना?"

"हे आधी सांगितलं असतं तर," महिपा म्हणाला, आणि हा धडा त्यानं मनात पक्का केला.

हरला तर हरला, भानगड काही झाली नव्हती. बळवंतरावांनी मुहूर्त धरला.

तालुक्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी दोन लग्नं होती. मध्ये नुसती कनात. अलीकडं महिपाचं, पलीकडं कुणा दुसऱ्याचं, अर्ध्या तासानं. महिपा पहाटेपासून उपाशी होता. हातात हार घेऊन तो पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट, पलीकडं वैजयंता. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींची झाली. मग वैजयंताच्या आत्याची. मग तिच्या मावशीची, स्वतः रचलेली, त्यात दोन्ही घराण्यांतल्या सगळ्या माणसांची नावं. मग गळ्याला शेक देऊन आलेले एक काका पुढं सरसावले. महिपाचे पाय भरून आले. डोळ्यापुढं काजवे चमकले. लोक अक्षता टाकून टाकून माना खाली घालून बसले होते.

तेवढ्यात कनात बाजूला सरली. मुंडावळ्या बांधलेला एक तरणाबांड नवरदेव गंमत बघायला डोकावला.

"तुम्ही कुठले?" महिपानं हळूच विचारलं.

"शेजारच्या लग्नातला."

"दमलात?"

"छे. माझं अजून सुरूच कुठं झालंय?"

महिपाला हायसं वाटलं. त्यानं हातातला हार त्याच्या हातात दिला, त्याला काही कळायच्या आत दंडाला धरून पाटावर चढवलं आणि स्वतः मुदपाकखान्याकडं गेला.

काकांचं शेवटचं कडवं संपलं. सावधान झालं, वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला. वैजयंतानं रीतीप्रमाणे मान खाली घालूनच हार घातला. मग मान वर केली, आणि तिची किंकाळी वाजंत्रीच्या वर गेली.

बळवंतराव नवऱ्या मुलाला शोधत मुदपाकखान्यात शिरले. महिपा आचाऱ्याशेजारी मांडी घालून बसला होता. पुढ्यात जिलबीचं ताट.

"तुम्ही इथं?" बळवंतराव ओरडले. "मग पाटावर कोण आहे?"

महिपानं वाकून त्यांना नमस्कार केला.

"शेजारच्या लग्नातला ताजा गडी आहे, मामा. तुम्ही काळजी करू नका. वैजयंताबरोबर त्याला पुढं जाऊ द्या. तो दमला की मी येतोच."