बदामांच्या बरणीमागची डबी

‘औषध वेळेवर घेता ना?’ असे डॉक्टरांनी विचारले, की तुम्ही काय उत्तर देता? मनातल्या मनात सांगितले तरी चालेल.

एकदा इराणातल्या एका गावी एक वृद्ध वैद्य राहत होते. मधुमेहाचे रोगी लांबून त्यांच्याकडे येत. त्यांचा शिष्य नुकताच शहरातून शिकून आला होता. रोगी किती नेमाने औषध घेतात हे मोजण्यासाठी त्याने फारसीत आठ प्रश्नांचा एक कागद तयार केला. गोळी विसरता का? बरे वाटले की बंद करता का? चाळीस रोग्यांनी तो भरला आणि चाळीसही जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

“उस्ताद, आपल्या गावासारखे रोगी जगात नसतील,” शिष्य म्हणाला.

“मग त्यांची साखर का उतरत नाही?”

“गोळी कमी पडते. गालिच्यांच्या व्यापाऱ्याचेच पाहा. पायाची जखम तीन महिने भरत नाही, आणि एकही गोळी चुकवलेली नाही. उद्यापासून त्याला दुप्पट देतो.”

वृद्धांनी कागद वाचून घडी घातली. “आज संध्याकाळी त्याच्याकडे चहाला जाऊ. तू फक्त चहा प्यायचा.”

व्यापाऱ्याने दोघांना लोडाशी बसवले आणि स्वतः दाराजवळ बसला. पाहुण्यापेक्षा यजमान वरचढ दिसला तर त्या देशात तो असभ्यपणा समजतात. चहा आला. सवयीप्रमाणे व्यापाऱ्याने साखरेचा खडा दातांत धरला, वैद्यांकडे पाहिले आणि तो हळूच गालात सरकवला.

“गोळ्या चालू आहेत ना?” शिष्याला राहवले नाही.

“डोळ्यांना लावून घेतो, डॉक्टरसाहेब.”

आतून त्याची बायको खोकली.

वृद्धांनी मान खाली घातली. “तुमच्यासमोर बसायची मला लाज वाटते. मलाही मधुमेह आहे. गेल्या महिन्यात मी दोन गोळ्या विसरलो.”

पाहुणा आपल्या घरात खजील व्हावा, हे व्यापाऱ्याला सोसेना. “दोनाचे काय एवढे, उस्ताद? दोन तर मीही विसरलो.”

“एक मुद्दाम टाळली. लग्नाचे जेवण होते.”

“मी तीन लग्नांना टाळली.”

“तरी माझे मन मला खाते.”

“मन लहान करू नका, उस्ताद. माझी डबी नवरोजच्या सणापासून उघडलेली नाही. कुठे आहे तेही ठाऊक नाही.”

“फडताळात, बदामांच्या बरणीमागे,” आतून आवाज आला. “आहे तशी आहे.”

शिष्याला ठसका लागला. वृद्ध मात्र शांतपणे म्हणाले, “उद्या सकाळी आपण दोघेही घेऊ. एकेकच.”

परतताना शिष्य फुरंगटून म्हणाला, “तो माझ्याशी खोटे बोलला.”

“त्याने तुझा मान राखला. ‘तू शहाणा आहेस ना?’ असे वरून विचारले, तर सभ्य माणसाकडे एकच उत्तर असते. आणि तुझ्या दुप्पट गोळ्या त्याने एखाद्या दिवशी घाबरून खरेच घेतल्या असत्या, तर साखर एकदम उतरून तो दुकानातच कोसळला असता. दुसऱ्याची चूक मोजायची असेल, तर आधी आपली त्याच्यापुढे ठेवावी.”

“पण त्यासाठी तुम्हीही खोटेच बोललात ना? तुमच्या तीन गोळ्या कुठे चुकल्या आहेत?”

वृद्धांनी चालता चालता खांद्यावरची शाल सारखी केली. “तीन नाही, पाच. एवढ्या वयात सगळे एकदम सांगवत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याच्या बायकोने बदामांची बरणी बाजूला सरकवली आणि व्यापाऱ्याने चहाआधी एक गोळी घेतली; इकडे शिष्याने व्यापाऱ्याच्या नावापुढे लिहून ठेवलेली दुप्पट मात्रा खोडली, आणि उस्तादांची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तो त्यांच्यासमोर बसला.